रखमाबाई आणि कलम ९

रखमाबाईंचं नाव निघालं की लोकांना लंडनला शिकून आलेल्या, सुरतेत आणि राजकोटला आयुष्यभर बायकांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर आठवतात. मी ज्यांना मानते त्या रखमाबाई त्याआधीच्या. मुंबई हायकोर्टातल्या प्रतिवादी, वय विशीतलं.

मी कौटुंबिक दावे चालवते. बाईनं पोटगीचा अर्ज केला की बरेचदा नवऱ्याकडून 'नांदायला यावे' म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९चा अर्ज येतो. नोटीस घेऊन आलेली बाई विचारते, "ताई, मला जबरदस्तीनं नेतील का हो तिकडे?" नाही नेत. हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, तुरुंग नाही. रखमाबाईंपुढे तुरुंग होता.

अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजींशी झालं, पण त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून वाचत राहिल्या. १८८४ साली दादाजींनी, बायकोनं नांदायला यावं म्हणून दावा लावला. न्या. पिन्ही यांनी पुढच्या वर्षी तो फेटाळला. नको असलेल्या माणसाकडे एखाद्या तरुणीला बळजबरीनं धाडणं रानटीपणाचं आहे, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. अपिलात निकाल फिरला. ४ मार्च १८८७ला न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. तोवर सखाराम अर्जुन वारले होते, आणि टिळकांचा 'केसरी' विरोधात होता. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही.

वकील म्हणून मला सगळ्यात थक्क करतो तो त्यांचा बचाव. दादाजींची तब्येत, त्यांची गरिबी, हे मुद्दे कोर्टापुढे होतेच. पण रखमाबाईंचं खरं म्हणणं असं, की कळत नसलेल्या वयात लावलेल्या लग्नाला माझी संमती नव्हती, म्हणून ते मला बांधत नाही. मी त्यांची वकील असते तर हा मुद्दा मागे ठेवा म्हणाले असते. आजही मला अशिलांकडून मारहाणीचे कागद, मेसेज, शेजाऱ्यांची साक्ष मागावी लागते, कारण कायदा 'वाजवी कारण' मागतो. 'मला त्याच्याबरोबर राहायचं नाही' एवढं पुरत नाही.

१८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि तुरुंग टळला. १८९१चा संमतिवयाचा कायदा येण्यात या खटल्यानं उठलेल्या वादळाचाही वाटा होता, मुलींचं शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहावरून बारा झालं. मग १९५५ साली हिंदू विवाह कायदा झाला आणि त्यात नांदायला बोलावण्याचा हा हक्क कलम ९ म्हणून पुन्हा लिहिला गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, नव्वदी ओलांडलेल्या रखमाबाई गेल्या. आंध्र हायकोर्टानं १९८३मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. सुप्रीम कोर्टानं दुसऱ्याच वर्षी ते वैध ठरवलं.

घराबाहेर काढलेल्या बायकांसाठी मीही हे कलम वापरलंय. त्यांना हवं असतं डोक्यावर छप्पर आणि पोटगी, आणि त्यासाठी आता वेगळे कायदे आहेत. त्यामुळे कलम ९ रद्द व्हावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०१९मध्ये कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी त्यासाठी सुप्रीम कोर्टात याचिका केली, तेव्हा मला फार बरं वाटलं.