हेब्डन ब्रिजच्या गिरण्या बघायला जाताय? बट्रेस उतरू नका

आधी कामाचं सांगतो, बाकी सावकाश वाचा. डोंगरावरच्या हेप्टनस्टॉल गावाहून खाली हेब्डन ब्रिजला पायी यायचं असेल आणि आदल्या चोवीस तासांत पाऊस पडला असेल (म्हणजे जवळजवळ नेहमीच), तर 'बट्रेस' नावाच्या दगडी वाटेनं उतरू नका. डांबरी रस्त्यानं या. गावातली छोटी बस मिळाली तर लाज न बाळगता तिच्यात बसा. माझ्या हातातल्या पत्रकात ही वाट 'गावात नेणारी रमणीय ऐतिहासिक पायवाट' होती आणि जुन्या गिरण्या दाखवणाऱ्या सबंध पायी फेरीला 'सोपी, कौटुंबिक' असा शेरा होता. लिहिणाऱ्यानं ती कोरड्या उन्हाळ्यात पाहिली असणार, किंवा खुर्चीत बसून.

हा भाग इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशरमध्ये, कॅल्डर नदीच्या खोऱ्यात येतो. मँचेस्टर व्हिक्टोरियाहून रेल्वेनं पाऊण तासाच्या आत पोचता, लीड्सहून थोडा जास्त वेळ लागतो. मी मेहुण्याला घेऊन गेलो होतो. दोघांच्याही पायांखालून बराच सह्याद्री गेलाय, त्यामुळे पाचशे मीटरचीही उंची नसलेले डोंगर बघून तो स्टेशनवरच म्हणाला, "दाजी, ही टेकाडं दुपारपर्यंत उरकू." उंची खरंच काही नाही. त्रास उंचीचा नाहीच.

गिरणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लालबाग-परळ येतं: सपाट जमीन, चिमणी, भोंगा, दारात चाळ. इथे तसं शोधत गेलात तर अर्धं बघायचं राहून जाईल. या खोऱ्यात काळ उंचीप्रमाणे मांडलेला आहे. तळाची जमीन पूर्वी दलदलीची, म्हणून जुनी वस्ती आणि घोड्यांचे तांडे जायचे रस्ते वर, डोंगराच्या खांद्यावर. हातमागाची गावंही तिथेच. अठराव्या शतकाच्या शेवटी पाणचक्कीवर चालणाऱ्या गिरण्या आल्या. त्यांना वेगानं उतरणारं पाणी हवं, म्हणून त्या मधल्या अरुंद घळींत शिरल्या. पुढे वाफेचं इंजिन आलं, कोळसा वाहायला 1804 मध्ये रॉचडेल कालवा पुरा झाला, मग रेल्वे आली, तेव्हा कुठे सगळं तळाशी सरकलं. म्हणजे स्टेशनावर उतरून तुम्ही चालायला लागलात की काळाच्या उलट दिशेनं चढता, आणि ते चढणं सरळ नसतं. दर घळीत उतरायचं, ओढा ओलांडायचा, परत चढायचं. पत्रकातले किलोमीटर खरे असतीलही, पण त्यांतला चढउतार कुणीच मोजलेला नव्हता.

कालव्याकाठची सुरुवातीची वाट सपाट आणि छान आहे. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

जम्बल होल क्लफ ही पहिली घळ. हिच्यात स्टॉप्स मिल नावाच्या जुन्या सूतगिरणीचे अवशेष आहेत: शेवाळलेली भिंत, कमान, आत उगवलेली झाडं. खाली आणखीही गिरण्यांच्या खुणा आहेत, पाणी साठवायचे बांध आहेत, पण कुठे पाटी नाही, कठडा नाही. पडक्या भिंतीवर चढून फोटो काढू नका. दगड सुटे आहेत आणि पलीकडे थेट ओढा आहे. चिखल घोट्यापर्यंत होता. मोबाईलला घळीत रेंज येत-जात होती, त्यामुळे नकाशा कागदी घ्या. ऑर्डनन्स सर्व्हेचा 'ओएल 21' चालतो. एवढं सगळं असूनही माझं मत स्पष्ट आहे: संपूर्ण सहलीत बघण्यासारखी एकच जागा निवडायची तर ही. एवढ्याशा ओढ्यावर माणसांनी कारखाने उभे केले होते, यावर तिथे उभं राहिल्याशिवाय विश्वास बसत नाही.

वर ब्लॅकशॉ हेडच्या पठारावर वारा फार. तिथून कोल्डनच्या घळीत उतरलात की दाट झाडीत एकटीच दगडी चिमणी उभी दिसते. तिची गिरणी गेली, चिमणी राहिली. इथे पाणी प्या, दशमी-चटणी काय आणलं असेल ते खा, कारण पुढे हेप्टनस्टॉलपर्यंत परत चढ आहे.

हेप्टनस्टॉलमध्ये घाई करू नका. विणकरांची घरं ओळखायला सोपी आहेत: वरच्या मजल्यावर सलग खिडक्यांची रांग. माग तिथे असायचा आणि उजेड हवा असायचा. एकाच आवारात दोन चर्च आहेत. जुनं 1847 च्या वादळात मोडलं, त्याच्या उघड्या भिंती तशाच ठेवून शेजारी नवं बांधलं. आवारातच डेव्हिड हार्टलीची कबर आहे. सोन्याच्या नाण्यांच्या कडा कातरून त्या चुऱ्यातून खोटी नाणी पाडणाऱ्या टोळीचा हा म्होरक्या, 1770 मध्ये यॉर्कला फासावर गेला. त्याच्या टोळीत गरीब विणकरही होते. गावात त्याचं नाव घेताना कुणाचा सूर चोराबद्दल बोलल्यासारखा नव्हता, हे मला मजेशीर वाटलं.

तिथल्या बाकावर भेटलेल्या एका आजोबांनी पत्रकापेक्षा जास्त सांगितलं. त्यांची आई खालच्या गावात पँटी शिवायच्या कारखान्यात होती. हेब्डन ब्रिज फस्टियनसाठी, म्हणजे कॉर्डरॉय, मोलस्किन अशा जाड सुती कापडासाठी प्रसिद्ध, आणि त्या पँटींमुळे गावाला 'ट्राउझर टाउन' म्हणत. लांब टेबलावर कापड ताणून त्याचे बारीक फासे सुरीनं कापत जायचं, दिवसभर टेबलाच्या कडेनं चालत. ती सुरी आता गावच्या चौकात शिल्प होऊन उभी आहे. आई घरी आली की केसांत तंतू अडकलेले असायचे, आणि रंगखात्यात आज कुठला रंग लागलाय हे नदी बघून कळायचं, असं ते म्हणाले. माझ्या आजोबांनी लालबागला साच्यावर काम केलं, हे सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "त्यांचे कान शाबूत होते का?" नव्हते.

आता बट्रेस. चारच्या सुमारास आम्ही उतरायला लागलो. ही पूर्वीची घोड्यांच्या तांड्यांची वाट, तळाशी 1510 च्या सुमाराच्या दगडी पुलाला भिडते. दोन्ही बाजूंना भिंती, वर झाडं, त्यामुळे ऊन लागत नाही आणि दगड कधी धड वाळत नाहीत. दगड म्हणजे उभे रोवलेले चिरे, शतकानुशतकांच्या खुरांनी आणि नालांनी घासून टाकी न लावलेल्या पाट्यासारखे झालेले, त्यावर शेवाळ, त्यावर कुजकी पानं. उतार असा की पाय ठेवला तिथे तो राहत नाही. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर न घसरणारे बूट इथे घसरले, कारण कातळाला धार असते, याला काहीच नाही. मेहुणा दोनदा बसला. मी भिंत धरून, आडवी पावलं टाकत, प्रत्येक दगड तपासत उतरलो. पत्रकात 'दहा मिनिटं' लिहिलंय, आम्हाला त्याच्या चौपट लागली. खालून एक बाई कुत्रा घेऊन सहज वर येत होत्या. थांबून म्हणाल्या, "आम्ही इथून फक्त चढतो." हे एवढं एक वाक्य पत्रकात छापलं असतं तर काय बिघडलं असतं?

तेव्हा फेरी उलटी करा. सकाळी ताज्या पायांनी बट्रेस चढा, चढताना ती अवघड असली तरी सुरक्षित आहे, मग हेप्टनस्टॉल, कोल्डन, ब्लॅकशॉ हेड, आणि शेवटी जम्बल होल उतरून सपाट कालव्यानं स्टेशन. जम्बल होल उतरतानाही चिखल आहेच, पण चिखलात पाय रुततो, सटकत नाही. काठी हवीच. गुडघा दुखरा असेल तर हेप्टनस्टॉलला बसनंच जा-ये करा. नोव्हेंबर ते जानेवारीत चारच्या आसपास अंधारतं, तेव्हा ही पूर्ण फेरी करूच नका. जोराचा पाऊस सांगितला असेल तर खोऱ्यातच येऊ नका: 26 डिसेंबर 2015 ला हेच गाव पाण्याखाली गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी हार्डकॅसल क्रॅग्जमधली गिब्सन मिल. वाट सोपी, लहान मुलांना चालेल. साधारण 1800 ची ही सूतगिरणी. 1833 मध्ये इथे 21 माणसं कामाला होती, आठवड्याला सरासरी 72 तास. 1890 पर्यंत कापड निघत होतं, नंतर त्याच इमारतीत नाचघर, स्केटिंग आणि तळ्यात होड्या सुरू झाल्या. बाकावरच्या आजोबांच्या आईवडिलांची ओळख तिथल्याच नाचात झाली होती. आता ती गिरणी जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि स्वतःची वीज स्वतः बनवते. वाहनतळ लवकर भरतो, गावातून चालत या.

72 तास डोक्यात बसले असतील तर शेजारच्या टॉडमॉर्डनला अर्धा दिवस द्या. जॉन फील्डन तिथला गिरणीमालक. लहानपणी स्वतः बापाच्या गिरणीत राबला, पुढे खासदार झाला आणि बायका व अल्पवयीन कामगारांचा दिवस दहा तासांवर आणणारा 1847 चा कायदा लावून धरला. मालकानंच हे केलं, हे मला पचायला वेळ लागला. आपल्याकडे रविवारच्या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंड्यांना 1890 उजाडावं लागलं. टॉडमॉर्डनचा टाउन हॉल जरूर बघा. यॉर्कशर आणि लँकशरची हद्द एकेकाळी त्याच्या मधून जायची.

एक इशारा. चालू यंत्रं बघायची असतील तर हेब्डन ब्रिजला येऊच नका, इथे भिंती आणि आठवणीच आहेत. त्यासाठी रेल्वेनं बर्नलीला जा आणि तिथून हार्ल साइकची क्वीन स्ट्रीट मिल गाठा. 1894 ची ही विणकाम गिरणी 1982 पर्यंत वाफेवर चालली, इंजिनाचं नाव 'पीस', माग शेकड्यांनी. धोट्याचा आवाज ऐकलात की आपले गिरणीकामगार घरातही एवढ्या मोठ्यानं का बोलायचे ते कळेल. इथल्या विणकर बायका आवाजावर मात करायला ओठ वाचून बोलत, आणि धोट्यातून धागा ओढायला त्याला तोंड लावत. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी, वर कापसाची धूळ, म्हणजे आजाराला आमंत्रणच. संग्रहालय वर्षभर आणि रोज उघडं नसतं, यंत्र तर ठरावीक दिवशीच फिरवतात. माग चालू असण्याचा दिवस आधी विचारून मगच तिकीट काढा, नाहीतर बंद दाराचा फोटो काढून परत याल. आमच्यापुढे बर्मिंगहॅमहून आलेलं एक कुटुंब तेच करत होतं.