आईच्या मधुमेहासाठी डॉक्टर निवडताना

आईला मधुमेह आहे, जोडीला रक्तदाब आणि गुडघेदुखी. त्यामुळे तिला मोठ्या नावाच्या तज्ज्ञापेक्षा घराजवळचा, नियमित भेटणारा आणि निवांत ऐकून घेणारा फिजिशियन हवा, असे माझे ठाम मत आहे. एचबीएवनसी ही तपासणी साधारण मागील तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देते, आणि वर्षातून किमान एकदा डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे व पावले तपासावी लागतात. हे सारे एकाच डॉक्टरांच्या नजरेखाली राहिलेले बरे.

पात्रतेची खातरजमा अवघड नाही. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो आणि तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळता येतो.

खरी पारख मात्र तपासणीच्या खोलीतच होते. आईच्या सध्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत तिला चपला काढायला सांगून बोटांच्या बेचक्या पाहिल्या, तळव्याला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून ‘कळतंय का, काकू?’ असे विचारले, आणि गुडघ्यांसाठी ती परस्पर घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी पिशवीतून काढायला लावली, कारण अशा गोळ्यांचा मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. आधीच्या दवाखान्यात डॉक्टरांची नजर अहवालावरून आईकडे वळतच नसे, याचे मला आजही वाईट वाटते.

रात्री साखर एकदम उतरली तर फोन कोणाला करायचा आणि डॉक्टर बाहेरगावी असताना कोण पाहते, हेही सुरुवातीलाच विचारून घ्यावे. या प्रश्नाने त्रासणाऱ्या डॉक्टरांकडे मी आईला पुन्हा नेणार नाही.