डेस्कटॉप बदलला तरी ते चिन्ह खाली लुकलुकतंच

पहिल्या डेस्कटॉपवर मेल आणि चॅट, दुसऱ्यावर एक्सेल, तिसऱ्यावर ब्राउझर. विंडोज 11 मध्ये एकाच पडद्यावर असे वेगवेगळे डेस्कटॉप (व्हर्च्युअल डेस्कटॉप) करून कामाची वाटणी करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. विंडोज-कंट्रोल-डी दाबलं की नवा डेस्कटॉप मिळतो, विंडोज-कंट्रोलसोबत डावा-उजवा बाण दाबला की इकडून तिकडे जाता येतं. एक्सेलवर बसलं की टास्कबारवर (खालच्या चिन्हांच्या पट्टीवर) फक्त एक्सेल दिसावं, एवढीच माझी अपेक्षा. पण आकडे भरायला घेतले की चॅटचं चिन्ह तांबूस होऊन तिथेच लुकलुकायला लागतं. मग डेस्कटॉप वेगळे केले कशाला?

आधी सेटिंग तपासलं. सेटिंग्ज, सिस्टम, मल्टीटास्किंग, डेस्कटॉप्स. तिथे 'ऑन द टास्कबार, शो ऑल द ओपन विंडोज' या ओळीसमोर 'ओन्ली ऑन द डेस्कटॉप आय ॲम यूझिंग' हवं. ते होतंच, कारण मुळात येतंच तसं. त्याच्या खालची ओळ ऑल्ट-टॅबची, म्हणजे त्या दोन कळांनी उघड्या खिडक्यांमध्ये फिरताना काय दिसावं याची. दोन्ही दिसायला जुळ्या आहेत, पण एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही. टास्कबार नीट झाला आणि ऑल्ट-टॅबमध्ये अजून सगळी गर्दी, असं असेल तर ही खालची ओळ पाहा. रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे) हात घालायचा सल्लाही मिळतो. घालू नका. तिथलं 'व्हर्च्युअल डेस्कटॉप टास्कबार फिल्टर' म्हणजे हाच पर्याय: 1 म्हणजे फक्त चालू डेस्कटॉप, 0 म्हणजे सगळे. सेटिंग्जमध्ये बरोबर दिसतंय तर तिथेही बरोबरच असणार.

माझं घोडं अडलं ते इथे. सेटिंग बरोबर, तरी चिन्ह हजर. एक्सप्लोरर रीस्टार्ट करून पाहिला (कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडायचा, विंडोज एक्सप्लोरर निवडायचं, रीस्टार्ट). त्याने उघडी फोल्डरं तेवढी बंद झाली, चिन्ह परत आलं. येणारच होतं, कारण बिघाड कुठे नव्हताच. टास्कबारवर एकसारखी दिसणारी चिन्हं तीन वेगवेगळ्या कारणांनी तिथे असतात आणि ते सेटिंग त्यातल्या एकालाच लागू पडतं, हे कळेपर्यंत मी भलतीकडेच शोधत होतो.

म्हणून सेटिंग्ज उघडण्याआधी चिन्हाच्या खाली बघा. रेघ नसेल तर ते नुसतं पिन केलेलं, म्हणजे ॲप बंद असतानाही टास्कबारवर कायम ठेवलेलं चिन्ह आहे. पिन डेस्कटॉपनिहाय वेगळे ठेवता येत नाहीत. एकीकडे लावलं की सगळीकडे दिसतं. ॲप दुसऱ्या डेस्कटॉपवर चालू असलं तरी इथे त्याच्याखाली रेघ येत नाही, आणि फसगत होते ती इथेच. बंद आहे समजून क्लिक केलं की फाइल एक्सप्लोररसारखं ॲप याच डेस्कटॉपवर नवी खिडकी उघडतं, पण एकाच खिडकीत चालणारं चॅट ॲप तुम्हाला उचलून पहिल्या डेस्कटॉपवर नेऊन टाकतं. उपाय एकच, असल्या ॲपचं पिन काढून टाका.

रेघ आहे आणि प्रत्येक डेस्कटॉपवर आहे, तर कधीतरी चुकून टिक पडलेली असते. विंडोज-टॅब दाबा, खिडकीच्या छोट्या चित्रावर राइट-क्लिक करा. 'शो धिस विंडो ऑन ऑल डेस्कटॉप्स' आणि 'शो विंडोज फ्रॉम धिस ॲप ऑन ऑल डेस्कटॉप्स' अशा दोन ओळी दिसतील. पहिली त्या एका खिडकीपुरती, दुसरी त्या ॲपच्या सगळ्या खिडक्यांना धरून. दोन्हींवरची टिक काढा.

राहिलं ते लुकलुकणारं. विंडोज कुठल्याही प्रोग्रामला तुमच्या हातातल्या कामावर उडी मारून पुढे येऊ देत नाही, आणि ते बरंच आहे. पुढे येता येत नाही म्हटल्यावर प्रोग्राम टास्कबारवरचं आपलं बटण लुकलुकवतो. काही प्रोग्राम तर तुम्ही त्यांची खिडकी समोर आणेपर्यंत लुकलुकायचे थांबत नाहीत. ही हाक तुमच्यापर्यंत पोचावी म्हणून ते बटण चालू डेस्कटॉपच्या टास्कबारवर आणलं जातं, फिल्टर काहीही असो. म्हणजे हे मुद्दाम ठेवलेलं वागणं आहे. कारण पटतं, राग जात नाही.

'डू नॉट डिस्टर्ब' लावून बघितलं, उपयोग शून्य. त्याने कोपऱ्यातले निरोप थांबतात, लुकलुक नाही. लुकलुक थांबवणारा पर्याय सिस्टमच्या 'फोकस' या पानावर आहे, 'हाइड फ्लॅशिंग ऑन टास्कबार ॲप्स'. पण तो फोकस सेशन (एकाग्र कामासाठी लावलेली ठरावीक वेळ) चालू असेपर्यंतच. कायमचं हवं असेल तर पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेविअर्समध्ये 'शो फ्लॅशिंग ऑन टास्कबार ॲप्स'ची टिक काढायची. जुन्या आवृत्तीत ही ओळ सापडणार नाही, आधी अपडेट करा. मला मात्र सगळ्यांची लुकलुक घालवणं पटलं नाही. एखादा प्रोग्राम पासवर्ड मागत अडून बसला असेल तर कळायचं कसं? तेव्हा ज्या ॲपचा जाच आहे त्याच्याच नोटिफिकेशनच्या सेटिंग्जमध्ये जा. टेलिग्रामच्या डेस्कटॉप ॲपमध्ये 'फ्लॅश द टास्कबार आयकॉन' म्हणून सरळ टिक आहे. बहुतेक चॅट ॲपमध्ये असं काहीतरी असतं, फक्त दोन-तीन पानं आत.

दोन मॉनिटरवाल्यांसाठी: डेस्कटॉप बदलला की दोन्ही पडदे एकदम बदलतात, एकाच मॉनिटरपुरता डेस्कटॉप विंडोजमध्ये नाही. दुसऱ्या पडद्यावर कॅलेंडर कायम हवं असेल तर मघाची 'ऑल डेस्कटॉप्स'वाली टिक इथे कामाची, म्हणजे खिडकीपुरती असलेली पहिली. आणि त्याच टास्कबार बिहेविअर्समध्ये 'टास्कबार व्हेअर विंडो इज ओपन' निवडलं की ज्या पडद्यावर खिडकी, त्याच पडद्यावर तिचं बटण.

एक राहिलंच. विंडोज-कंट्रोल-एफ4 जपून. त्याने खिडकी नाही, अख्खा डेस्कटॉप बंद होतो आणि त्यावरच्या सगळ्या खिडक्या शेजारच्या डेस्कटॉपवर जाऊन पडतात. एक्सेलच्या टास्कबारवर अचानक दहा बटणं दिसली तर फिल्टरला दोष देण्याआधी विंडोज-टॅब दाबून डेस्कटॉप मोजा. एखादा कमी भरला तर परत आणायची सोय नाही. नवा उघडायचा आणि खिडक्या एकेक करून ओढून न्यायच्या.