हेलियमचं आडनाव

कणकवलीत अकरावीला रसायनशास्त्र शिकवते. परवा फळ्यावर आवर्तसारणीतला, म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्यातला, अठरावा गण उतरवला: हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, सगळे ऑन-ऑन, मग हेलियमच कसा सोडियम-कॅल्शियमच्या घरातला?"

इतकी वर्षं हा तक्ता शिकवतेय, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. घरी येऊन शोधाशोध केली.

गॅसच्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाका, ज्योत पिवळी होते. तो रंग सोडियमचा. वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून पसरवला की मिळणाऱ्या पट्ट्यात, त्याच्या जवळजवळ चिकटलेल्या दोन रेषा दिसतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूरहून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. मग २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने, ग्रहण नसतानाच, त्या ज्वाळांतली पिवळी रेषा तपासली. ती सोडियमच्या रेषांच्या शेजारी होती, पण त्यांच्यावर बसत नव्हती. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी तिचा मेळ लागेना, म्हणून नवं मूलद्रव्य मानलं आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून, हेलिओसवरून, त्याचं बारसं झालं. मूलद्रव्य हातात नाही, नुसती एक रेषा! तरी लॉकियरला तो धातू वाटला. मग आडनावही धातूंचंच लागलं: 'इयम'.

१८९५ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्ल टाकून आर्गॉन शोधत होता. निघाला हेलियम, आणि तो वायू! पण नाव तोवर वीसेक वर्षं रुळलेलं. १८९८ मध्ये सापडलेल्या निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन यांना आर्गॉनच्या धर्तीवर 'ऑन' मिळालं. थोरला राहिला तसाच.

आमच्याकडे विजयदुर्ग किल्ल्यावर लॉकियरच्या नावाने 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि हेलियम इथेच सापडला म्हणून छाती फुगवतात. छाती माझीही फुगायची. पण लॉकियर विजयदुर्गाला आला तो जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. शोधाच्या वर्षी स्वारी इंग्लंडातच होती. हे गावात सांगितलं तर चहा मिळणार नाही, ते सोडा.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं सांगितलं. तोच मुलगा म्हणाला, "मगे मॅडम, गॅझेटात देऊन बदलून कित्याक नाय घेतल्यानी?"