कॉनीबेअरशी आपलं नातं काय?

जुने सरकारी कागद पाहण्यासाठी करायच्या अर्जातला सातवा रकाना होता 'संबंधित व्यक्तीशी अर्जदाराचे नाते'. त्या एका रकान्यापायी माझे अकरा आठवडे गेले. सुरुवात त्यापासूनच करणार होते, पण व्यक्ती कोण हे सांगितल्याशिवाय माझ्या चिडण्याला काही अर्थ येणार नाही.

व्यक्ती म्हणजे हेन्री कॉनीबेअर, जन्म १८२३. मुंबईत नळाचं पाणी आणण्याचा आराखडा याचा. त्याच्या आधी हे शहर विहिरींवर आणि तलावांवर तहान भागवत होतं. ते तलाव कधीच बुजले, बसच्या पाट्यांवर नावं तेवढी राहिली: धोबीतलाव, गोवालिया टँक. मिठी नदीच्या वरच्या अंगाला विहार इथं पाणी अडवायचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६० साली ते पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने शहरात आलं. तुळशी १८७९चा, तानसा १८९२चा. विहार या सगळ्यांत थोरला आणि अजून कामावर आहे. मी निवृत्त झाले, तो नाही झाला.

मी पाणीखात्यात ३१ वर्षं काढली. पावसाळ्यात विहारची पातळी रोज सकाळी वहीत चढवली. पण तो आखणाऱ्या माणसाबद्दल मला नावापलीकडे काहीच ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर एकदा कुलाब्याला अफगाण चर्च पाहायला गेले, तर तिथे वास्तुरचनाकार म्हणून हेच नाव. मला वाटलं, नावाला नाव मिळालं असेल. पाण्याचा इंजिनीअर गॉथिक चर्चच्या वाटेला कशाला जाईल? तेवढ्या एका शंकेने हे सगळं सुरू झालं.

घरचा पत्ता चार दिवसांत लागला, तोही घरात बसून. वडील विल्यम डॅनियल कॉनीबेअर, धर्मगुरू आणि भूगर्भशास्त्रज्ञ. प्लेसिओसॉरस या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८२१ साली त्यांनी आणि डे ला बेश यांनी केलं. पुढे लाइम रीजिसच्या कड्यांतून मेरी ॲनिंगने त्याचा जवळजवळ अख्खा सांगाडा काढला, तो १८२४ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडला तोही यांनीच. शेवटी ते वेल्समध्ये लँडाफच्या कॅथीड्रलचे डीन, म्हणजे तिथले प्रमुख धर्मगुरू झाले. चुलता जॉन जोसायस ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचा, म्हणजे जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक. थोरला भाऊ विल्यम जॉन संत पॉलच्या चरित्रामुळे नावाजलेला. पुतण्या फ्रेडरिक आर्मेनियन भाषेचा मोठा पंडित. सगळी लिहिणारी माणसं, त्यामुळे सगळ्यांचे टिपण-पत्ते शाबूत. बाप खडक वाचायचा म्हणून मुलाने धरण बांधलं, असं म्हणायचा मोह मला झाला होता. पण तसा कागद काही हाती आला नाही, तेव्हा तो मोह आवरला.

चर्चचं कोडं मात्र तिथेच सुटलं. घरात बाप धर्मगुरू, भाऊ धर्मगुरू. अशा घरातल्या मुलाला चर्चची कमान वेगळी शिकवावी लागत नसणार. आणखी एक भाऊ होता, चार्ल्स रँकन कॉनीबेअर, हॅम्पशायरमधल्या इचेन स्टोक गावाचा पाद्री. त्याच्यासाठी हेन्रीने १८६६ साली चर्च उभारलं. माझी भाची साउथॅम्प्टनला असते. तिला म्हटलं, जाऊन ये गं जरा. ती गेली, भर पावसात, आणि फोटो पाठवले. उंच निमुळती खोली, रंगीत काचा, वेदीपाशी फरशीत मांडलेला चक्रव्यूह. आता तिथे नेमाने प्रार्थना होत नाहीत, जुन्या चर्चांची जपणूक करणारा एक न्यास ते सांभाळतो. "मावशी, तुझ्या तलाववाल्याचं आहे खरं?" तिने विचारलं. मलाही तोवर पटत नव्हतं.

जाता जाता एक खूण सांगते. रँकन हे त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव. इंग्रज घराण्यांत आईचं किंवा आजीचं आडनाव मुलाच्या नावात मधोमध बसवतात. तो धागा धरला की मामेकुळापर्यंत जाता येतं.

आता मुंबई. घर सापडलं, पण मला हवी होती नोकरी. कॉनीबेअर इथे बोर्ड ऑफ कन्झर्व्हन्सीकडे होता. महानगरपालिका व्हायच्या आधी शहराची झाडलोट, रस्ते, गटारं पाहणारं ते मंडळ. त्याच्या हाताखालून गेलेले कागद मला बघायचे होते. जुन्या कागदांचे संग्रह मुंबईत बरेच आहेत. त्यातला एक मी निवडला, कुठला ते लिहीत नाही. तिथल्या लोकांनी मला पुढे चहा पाजला आहे.

अर्ज दोन पानी. पहिल्या खेपेला सातवा रकाना मी मोकळा सोडला. खिडकीतला मुलगा म्हणाला, "मॅडम, हे रिकामं आहे."

"नातं नाहीये म्हणून रिकामं."

"रिकामं चालत नाही."

मी तिथेच 'नाही' असं लिहून दिलं. सोळा दिवसांनी पत्र आलं: नाते नसल्यास संबंधित व्यक्तीच्या कुटुंबीयांचे संमतीपत्र जोडावे. ज्याचे कागद पावणेदोनशे वर्षांचे झाले त्याच्या कुटुंबीयांचं! मी ते पत्र फ्रिजवर लावलं. यजमानांनी दोन दिवस वाचून दाखवलं, मग त्यांना पुरे म्हणावं लागलं.

तिसऱ्या खेपेला सविस्तर निवेदन जोडलं: मी कोण, कुठे नोकरी केली, काय बघायचंय. ते घेणारे साहेब रजेवर. पुढच्या आठवड्यात गेले तर गणपती. त्यानंतर गेले तेव्हा साहेब होते, पण निवेदन वरच्या टेबलावर गेलं होतं आणि वरचं टेबल त्या दिवशी प्रशिक्षणाला. बाकावर बसून पाहिलं तर पाण्याचं मशीन बंद. पाण्याची बाटली आत न्यायची नाही हा नियम बरोबरच आहे, जुन्या कागदाला पाणी वैरी. पण ३१ वर्षं लोकांना पाणी पुरवून पाण्याच्याच इंजिनीअरपायी मी तिथे तहानलेली बसले होते. त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले. तुम्ही बोलू नका, त्याने आणखी एक आठवडा वाढतो.

चौथ्या खेपेला रात्री विचार करून सातव्या रकान्यात लिहून नेलं: 'सेवेतील पूर्वसूरी'. खिडकीतल्या मुलाने मोठ्याने वाचलं.

"पूर्वसूरी म्हणजे मोठे भाऊ का, मॅडम?"

"तसंच काहीसं."

शिक्का बसला. इतकंच. त्या ठप्प आवाजाने मला जो आनंद झाला तो बढतीच्या ऑर्डरने झाला नव्हता.

पुढे आणखी एक गाठ होतीच. नावांच्या सूचीत कॉनीबेअर नाही. आडनावाचं स्पेलिंग दर कारकुनाने वेगळं केलेलं असू शकतं, शेवटचा 'ई' आहे-नाही, मधला 'वाय'चा 'आय' झालेला. मी ते सगळे प्रकार धुंडाळून पाहिले. दोन दिवस गेले. तेव्हा तिथले एक वयस्क शिपाई, गठ्ठे उचलून आणायचे, जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, इथं माणूस शोधू नका. खातं आणि साल धरा."

हे कुणी मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर! सरकारी कागद माणसाच्या नावाने बांधलेले नसतात. खातं, साल, खंड असा क्रम. मंडळ ज्या खात्याखाली तेव्हा येत होतं ते पकडा, मग साल, मग विषय: गटारं, तलाव, पाणी. मी १८५०च्या दशकातले खंड एकेक मागवत गेले. दिवसाला तीनच मिळतात, म्हणून मागणीची चिठ्ठी सकाळी खिडकी उघडताच द्या. जेवणानंतर दिली की गठ्ठा उद्यावर जातो. आणि पेन्सिल न्या, शाईचं पेन दारातच काढून घेतात.

चौथ्या दिवशी, तिसऱ्या खंडात, एका पानाच्या तळाशी सही दिसली. कागद तांबूस, कडा बिस्किटासारख्या. सही मात्र ठसठशीत. मी किती वेळ पाहत बसले माहीत नाही, शेजारच्या टेबलावरच्या पोरीने विचारलं, "तुमचे पणजोबा का?"

ज्यांना एवढा व्याप नको त्यांनी सोप्या वाटेने जावं. मुंबईच्या आरोग्यस्थितीवरचा त्याचा १८५२चा अहवाल पुढे सरकारने छापला. मोठ्या ग्रंथालयांत मिळतो, त्यासाठी नातं लागत नाही. युरोपियन माणसांचे इथले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं हवी असतील तर चर्चच्या नोंदींच्या नकला तेव्हा लंडनला पाठवल्या जायच्या. त्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे लंडनहून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या कागदांत आहेत आणि मुंबई इलाख्याच्या खंडांची मालिका 'एन ३'. हे मला खूप उशिरा कळलं. कळलं तेव्हा मी सातव्या रकान्यात अडकून बसले होते.

मुंबई सोडल्यावर तो वेल्समध्ये ब्रेकन आणि मर्थरच्या रेल्वेवर गेला. तिथला १५ कमानींचा केव्हन कोएड पूल त्याच्या आणि अलेक्झांडर सदरलंडच्या नावावर आहे. त्या पुलाला बाक आहे, कारण सरळ नेला असता तर लोखंडाच्या कारखानदार क्रॉशेच्या जमिनीतून जावं लागलं असतं. जमीन संपादनाच्या फायली मी पाहिल्या आहेत, त्यामुळे ते वाचून बरं वाटलं.

गेल्या सोमवारी त्या संग्रहातून फोन आला. शिपाईकाका बोलत होते. "बाई, तुमच्या माणसाचा अजून एक खंड निघालाय, बांधणीला गेला होता. पण अर्ज नवा करावा लागेल."

केला. सातव्या रकान्यात लिहिलं: मागील अर्जाप्रमाणे.