चेकवर जे लिहिले आहे तेवढेच

बँकेतून निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली, परंतु कोथरूडच्या आमच्या सोसायटीत माझा काउंटर अद्याप बंद झालेला नाही. सकाळी फिरून परतलो की तळमजल्यावरच्या काकू बहुधा पासबुक घेऊन वाट पाहत असतात. गेल्या आठवड्यात त्यांची तक्रार अशी होती की, आता चेक त्याच दिवशी वटतात असे वर्तमानपत्रात वाचले, आपण तर दुपारी तीनलाच चेक बँकेच्या पेटीत टाकला, तरी रात्रीपर्यंत पैसे जमा झाले नाहीत.

वर्तमानपत्रात आलेले खरेच आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसाच्या ठरलेल्या वेळेत चेकची प्रतिमा स्कॅन होऊन सतत क्लिअरिंगला, म्हणजे बँकांमधल्या वटणावळीला, जाते आणि ज्या बँकेवर चेक काढलेला आहे तिने संध्याकाळी सातपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असतो. काहीच कळवले नाही तर होकार धरला जातो. पण हे घड्याळ चेक स्कॅन झाल्यावर सुरू होते, पेटीत पडल्यावर नव्हे. काकूंनी तीनला टाकलेला चेक पेटी उघडेपर्यंत आतच पडून होता. घाई असेल तर चेक काउंटरवर द्यावा आणि स्लिपच्या अर्ध्या भागावर शिक्का मारून घ्यावा. ग्राहकाने मागितल्यावर अशी पोच नाकारता येत नाही, हे मी त्यांना सांगितले. ‘पेटी आहे ना’ असे उत्तर मिळाले तरी हट्ट सोडू नये.

नोकरीत असताना मला विचारल्या गेलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांच्या मुळाशी एकच गैरसमज असे. खातेदार चेककडे पैसे म्हणून पाहतो, तर बँक त्याच्याकडे खातेदाराने दिलेला लेखी हुकूम म्हणून पाहते. हुकूम जसा लिहिला आहे तसाच पाळला, तरच बँकेला कायद्याचे संरक्षण मिळते; त्यात स्वतःचे डोके चालवून पैसे दिले आणि चूक निघाली, तर भरपाई बँकेला करावी लागते. काउंटरवरचा माणूस अडून बसतो तो बऱ्याचदा याच कारणाने, जरी अडण्यातला त्याचा सूर अधिक सौम्य असायला हरकत नसते.

२०१५ सालच्या मार्चअखेरचा एक प्रसंग मला अजून जसाच्या तसा आठवतो. मी तेव्हा टिळक रस्त्यावरच्या एका शाखेत होतो. संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक पाच हजार रुपये काढण्यासाठी आले. चेक संपूर्ण मराठीत लिहिलेला होता, त्याबद्दल प्रश्न नव्हता, कारण चेक इंग्रजी, हिंदी किंवा प्रादेशिक भाषेत लिहिता येतो. तारखेच्या आठ चौकटींत मात्र त्यांनी देवनागरी आकड्यांत १००११९३७ असे भरले होते. नव्याने रुजू झालेल्या आमच्या क्लार्कने चेक उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “आजोबा, हा चेक अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वीचा आहे.” त्यावर सर शांतपणे म्हणाले, “नाही बाळ, आजचाच आहे. वर काय लिहिलंय ते वाच.” चौकटींच्या वर बारीक अक्षरांत ‘शके’ असे लिहिले होते.

भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून शक कालगणनेवरची राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली आहे आणि त्या दिनदर्शिकेप्रमाणे तारीख घातलेला चेक वैध समजावा, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. लीप वर्ष नसेल तर १ चैत्र म्हणजे २२ मार्च, त्यामुळे १० चैत्र १९३७ म्हणजे बरोबर ३१ मार्च २०१५. सरांनी पंचांगातली तिथी लिहिली असती तर गोष्ट वेगळी होती, कारण राष्ट्रीय दिनदर्शिकेचा चैत्र सौर आहे, गुढीपाडव्याचा नव्हे. हे सगळे मला ठाऊक होते असा आव मी आणणार नाही. परिपत्रक शोधून वाचल्यावरच मी चेक पास केला, आणि तोपर्यंत सर बाकावर बसून आमची परीक्षा घेतल्याच्या आनंदात होते.

तारीख अशी चालते, पण खाडाखोड चालत नाही. क्लिअरिंगमध्ये आता चेकचा कागद जात नाही, फक्त प्रतिमा जाते, त्यामुळे नाव किंवा रक्कम खोडून शेजारी सही करण्याची जुनी पद्धत तिथे बाद झाली आहे. सहीने दुरुस्त करता येते ती केवळ तारीख. अक्षरी आणि आकडी रकमेत फरक पडल्यास चेकसंबंधीच्या १८८१ च्या कायद्याप्रमाणे अक्षरी रक्कम खरी मानली जाते, तरी व्यवहारात बँका असा चेक बहुधा परत पाठवतात, आणि मला विचाराल तर तेच बरे. चुकलेला चेक फाडून नवा लिहावा. चेकबुकातले एक पान वाचवण्यासाठी लोक जो जीव टाकतात तो मला कधी समजला नाही. चेकची मुदतही १ एप्रिल २०१२ पासून सहा महिन्यांची तीन महिने झाली आहे, तरीही लग्नाच्या आहेराचे शिळे चेक घेऊन लोक अजून येतात.

त्याच सकाळी काकूंनी दुसरे एक पासबुक पुढे केले. खाते सदाशिव पेठेतल्या शाखेतले, माहेरी असताना उघडलेले. “व्याज जमा होतंय, म्हणजे चालूच आहे ना हो भाऊ?” असे त्यांनी विचारले. व्याज बँक जमा करते. खातेदाराने स्वतः दोन वर्षे काहीच व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते, आणि दहा वर्षे उलटली की त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत वर्ग होते. ती बुडत नाही, आपल्याच बँकेकडे अर्ज करून व्याजासह परत मागता येते. काकूंची शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची होती, म्हणजे नुसती केवायसीची, म्हणजे ओळख आणि पत्त्याची, कागदपत्रे देऊन भागणार होते, आणि त्याला शुल्कही नाही.

पहिल्या पानावर नामनिर्देशनाची, म्हणजे नॉमिनीची, नोंद नव्हती. धाकट्या मुलाचे नाव घातले की पैसे त्याचेच होतील, असे काकू धरून चालल्या होत्या. नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती पैसे दिले की बँक मोकळी होते, पण वारसांचे हक्क त्याने संपत नाहीत, हे मी समजावून सांगितले. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात आणि प्रत्येकाचा टक्का लिहिता येतो, हेही सांगितले. काकूंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “मग तिघांचीही घालते. पण तेहेतीस टक्क्यांनी शंभर भरत नाहीत, उरलेला एक कोणाला देऊ?”

उरलेला एक टक्का धाकट्याला मिळाला.