एका गाण्यापुरता केरी किंग

मेगाडेथ आणि स्लेयर हे थ्रॅश मेटल, म्हणजे अतिवेगवान आणि आक्रमक रॉक वाजवणारे दोन अमेरिकन बँड २०१० मध्ये बरोबरीच्या मानाने एकत्र दौरा करणार, ही बातमी मी तेव्हा दोनदा वाचली होती, कारण या दोन गोटांत वर्षानुवर्षे विस्तव जात नव्हता आणि आम्ही चाहतेही त्याप्रमाणे तट पाडून बसलो होतो. मी मेगाडेथच्या तटातला.

या वैराचे मूळ जुन्या सहवासात आहे. एप्रिल १९८३ मध्ये गिटारवादक डेव्ह मस्टेनला मेटॅलिका या बँडातून काढून न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसच्या बसमध्ये बसवून देण्यात आले, आणि त्या अपमानाच्या धगीतून त्याने मेगाडेथ उभा केला. १९८४ च्या सुरुवातीला या नव्या बँडचे पहिले मोजके कार्यक्रम झाले तेव्हा त्याच्या शेजारी दुसरी गिटार घेऊन उभा होता तो स्लेयरचा एकोणीस वर्षांचा केरी किंग. आपला गडी आता परत येत नाही, अशी धास्ती स्लेयरचा दुसरा गिटारवादक जेफ हॅनेमन याने घेतली होती. किंग मात्र लवकरच स्वतःच्या बँडकडे परतला, आणि पुढे तो आणि मस्टेन मुलाखतींतून एकमेकांविषयी जे बोलत राहिले ते गोड नव्हते.

असे असूनही १९९० मध्ये युरोपात आणि १९९१ मध्ये अमेरिकेत ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ या नावाने ते एकाच मंचावर आले. आपल्याकडच्या संगीत महोत्सवात शेवटी कोण बसणार यावरून कलाकाराची ज्येष्ठता कळते. रॉकच्या दौऱ्यातही शेवटची जागा मानाची असते आणि त्यावरूनच बिनसते. अमेरिकेत स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स या तिघांनी ती जागा आळीपाळीने वाटून घेतली, ही तोड मला आजही शहाणपणाची वाटते. (सुरुवातीला वाजवणाऱ्या अ‍ॅलिस इन चेन्सवर मात्र प्रेक्षकांनी हाताला येईल ते फेकले, आणि त्याबद्दल आम्हा थ्रॅशवाल्यांना खरोखर लाज वाटायला हवी.)

त्यानंतर पुन्हा दुरावा आला. २००९ च्या जूनमध्ये कॅनडात मोजके कार्यक्रम एकत्र झाले, पुढच्या जानेवारीत अमेरिकेचा दौरा सुरू व्हायचा होता, पण स्लेयरचा गायक टॉम अराया याच्या मानेच्या मणक्यावर शस्त्रक्रिया करावी लागल्यामुळे तो लांबला. तीस वर्षे गाता गाता ज्या आवेगाने त्याने मान झटकली, त्याची ही किंमत होती. दौरा अखेर निघाला तेव्हा माइकसमोर स्थिर मानेने उभा राहून तोच आवाज काढणारा अराया लोकांनी पाहिला. मेगाडेथमध्येही २०१० मध्येच आठ वर्षांनी डेव्हिड एलेफसन बेसवर परतला होता, आणि शरद ऋतूतल्या टप्प्यात दोन्ही बँडांनी १९९० मधले आपापले अल्बम, ‘रस्ट इन पीस’ आणि ‘सीझन्स इन द अ‍ॅबिस’, सलग वाजवले. वीस वर्षांपूर्वी एकमेकांच्या ईर्ष्येने घडलेल्या या दोन कृती एकाच रात्री, एकाच श्रोत्यांपुढे ऐकायला मिळणे हे माझ्या मते त्या दौऱ्याचे खरे देणे होते. जुनी लोकप्रिय गाणी निवडून वाजवली असती तर गर्दी तेवढीच जमली असती, पण ही तुलना झाली नसती.

२१ ऑक्टोबर २०१० ची रात्र मी चित्रफितीत कितीदा पाहिली आहे याचा हिशेब नाही. लॉस एंजेलिसच्या गिब्सन अ‍ॅम्फिथिएटरमध्ये, म्हणजे दोघांच्याही घरच्या गावात, मेगाडेथचा कार्यक्रम चालू असताना केरी किंग मंचावर आला आणि मेगाडेथच्या पहिल्या अल्बममधले ‘रॅटलहेड’ त्याने मस्टेनबरोबर वाजवले. सव्वीस वर्षांनी ही जोडी पुन्हा एका गाण्यात होती. सेहेचाळीस वर्षांचा, टक्कल केलेला, हातभर गोंदवलेला किंग आणि एकोणपन्नाशीचा, तांबूस केसांचा मस्टेन एकाच रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर, हात चालवत होते. तिथे कोणी कोणाची माफी मागितली नाही. त्यांना जे येते ते त्यांनी केले, आणि माझा तट त्या चार मिनिटांत मोडला.

तो दौरा आणखी उशिरा निघाला असता तर हॅनेमनवाचून स्लेयर अपुराच दिसला असता. २०११ च्या सुरुवातीला हॅनेमनच्या हाताला मांस सडवणारा गंभीर संसर्ग झाला आणि युरोपच्या दौऱ्यावर स्लेयरला त्याच्यावाचून निघावे लागले. एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या इंडिओ येथे तो शेवटच्या दोन गाण्यांपुरता मंचावर आला. २ मे २०१३ रोजी तो गेला.

ऑक्टोबर २०१२ मध्ये स्लेयर बंगळूरला आला तेव्हा मी पुण्याहून रात्रीच्या बसने गेलो होतो. हॅनेमनच्या जागी गिटारवर गॅरी होल्ट उत्तम वाजवत होता, किंग माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर होता, आणि माझ्या अंगात मेगाडेथचा शर्ट होता. शेजारच्या एका अनोळखी मुलाने तो पाहिला, हसला, आणि पुढच्या रांगेत माझ्यासाठी जागा करून दिली.